एमटीबी सुधारायची आहे? मुंबईत सुरुवात चाकापासून करा

गेल्या मे महिन्यात माझा भाचा डोंबिवलीहून त्याची नवी-जुनी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, घेऊन घरी आला. २६ इंची, २१ गियरची, पुढचं चाक धरणारा स्प्रिंगचा फोर्क, दोन्ही चाकांना केबलवाले डिस्क ब्रेक. ओळखीत कुणीतरी दोन वर्षं वापरलेली, स्वस्तात मिळालेली. दारातूनच म्हणाला, "मावशी, पुढची तीन चेनव्हील काढून एकच टाकू. मागे मोठी कॅसेट. आणि एअर फोर्क." चेनव्हील म्हणजे पेडलजवळची दातेरी चाकं, आणि कॅसेट म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्र्यांचा संच. व्हिडिओ बघून त्याने वहीत यादीच करून आणली होती.

मी त्याला सायकल गॅलरीत उलटी ठेवायला सांगितली आणि मागचं चाक हाताने फिरवलं. प्रत्येक फेरीला रिम चार-पाच मिलिमीटर डावी-उजवीकडे जात होती. दोन तारा बोटाने दाबल्या तर कपडे वाळत घालायच्या दोरीसारख्या सैल. टायरच्या कडेला बारीक भेगा. चेनवर काळा चिखल. त्याच्या यादीतली एकही वस्तू यातलं काही बरं करणार नव्हती.

नवी एमटीबी घेतलेल्या किंवा जुनी हाती आलेल्या जवळजवळ प्रत्येकाचं मन आधी गियरवर जातं. मी बोरिवलीत राहते, सायकल रोज वापरते, आणि माझं मत पक्कं आहे: या शहरात पैसा आधी जमिनीला टेकणाऱ्या भागावर घालावा. टायर, चाक, ब्रेक, चेन, आणि मग बाकीचं. इथे खड्डे आहेत, उखडलेले पेव्हर ब्लॉक आहेत, काँक्रीटच्या रस्त्याचे सांधे आहेत, जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा पाऊस आहे आणि वर्षभराची खारी हवा आहे. या सगळ्याचा पहिला मार चाक खातं.

आधी मापं, मग दुकान

पहिलं काम घरातच आहे. ओलं फडकं घ्या आणि टायरची कड स्वच्छ पुसा. रबरातच उठावदार अक्षरं दिसतील. एक आकडा "२६ × १.९५" असा असेल, आणि त्याच्या आसपास बारीक अक्षरात दुसरा, "५०-५५९" असा. हा दुसरा आकडा वहीत लिहून घ्या. त्यातला ५० म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, आणि ५५९ म्हणजे रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास. ५५९ म्हणजे २६ इंची, ५८४ म्हणजे २७.५, आणि ६२२ म्हणजे २९. नुसतं "छब्बीसचा टायर द्या" म्हणून भागत नाही, कारण "२६ × १ ३/८" असं अपूर्णांकात लिहिलेला टायरही २६ इंचीच म्हणवतो, पण त्याचा व्यास ५९० असतो. तो एमटीबीच्या रिमवर बसणार नाही, कितीही ओढला तरी. दशांशातला आकडा आणि अपूर्णांकातला आकडा म्हणजे दोन वेगळ्या वस्तू, एवढं लक्षात ठेवलं तरी एक हेलपाटा वाचतो.

भाच्याने लगेच विचारलं, "मग २९ ची चाकं यातच बसवली तर?" नाही बसवायची. फ्रेम आणि फोर्क २६ साठी बनलेले असतात, मोठं चाक आत फिरायला जागाच नसते. काही डिस्क ब्रेकवाल्या २६ इंची फ्रेममध्ये २७.५ चं चाक अरुंद टायरसकट कसंबसं मावतं, पण चिखल अडकला की टायर फ्रेमला घासतो, आणि सायकल उंच झाल्याने वळणावर तिची सवय बदलते. २६ ची सायकल असेल तर २६ मध्येच चांगली चाकं घ्या. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावरून सोडण्यातून हा प्रकार सुरू झाला, तोही २६ इंचीवरच. आकार जुना आहे, पण कमी प्रतीचा नाही. नवी सायकल घेणार असाल तर मात्र २७.५ किंवा २९ घ्या, कारण चांगले नवे टायर आता त्याच मापांत जास्त मिळतात.

आता मागचं चाक काढा. एक्सल नटने आवळलेला आहे, क्विक रिलीजचा खटका आहे, की जाडजूड थ्रू-एक्सल आरपार जातो? नट किंवा खटका असेल तर चाक जिथे बसतं त्या दोन खाचांच्या आतल्या अंगांमधलं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. पुढे बहुतेक १०० मिमी, मागे १३५ मिमी भरेल. महागड्या नव्या सायकलींत थ्रू-एक्सल आणि ११०, १४८ ही मापं दिसतील. १३५ च्या फ्रेममध्ये १४८ चं हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, जात नाही. ओढूनताणून बसवायला कुणी तयार झालं तरी बसवू देऊ नका.

मग डिस्क बघा. मधोमध सहा छोटे बोल्ट असतील तर सिक्स-बोल्ट. ते चांदणीच्या आकाराच्या टी-२५ पान्याने उघडतात. बोल्ट नसून मध्ये एकच दातेरी रिंग असेल तर सेंटरलॉक. नवं हब घेताना हे जुळायला हवं.

शेवटची तपासणी सगळ्यात महत्त्वाची. मागची चक्री हातात धरून उलटी, म्हणजे पेडल मागे मारल्यावर फिरते तशी फिरवा, आणि मधल्या खाचेदार भागाकडे बघा, जिथे उघडायचं टूल बसतं. चक्रीबरोबर तो भागही फिरत असेल तर कॅसेट. चक्री फिरते आणि मधला भाग जागेवर उभा राहतो, तर फ्रीव्हील. आपल्याकडच्या बहुतेक ७ स्पीड सायकलींत फ्रीव्हीलच निघतं. भाच्याच्या सायकलीतही तेच निघालं. त्याच्या मोठ्या कॅसेटचं स्वप्न तिथेच अडलं, कारण कॅसेट फ्रीव्हीलच्या हबवर बसतच नाही. कॅसेट हवी तर हब बदलायचं, म्हणजे चाकच बदलायचं.

हे सगळे आकडे आणि प्रत्येक भागाचा एक फोटो मोबाइलमध्ये ठेवा. दुकानात "असलंच काहीतरी" म्हणण्यापेक्षा फोटो पुढे केला की दुकानदारही नीट लक्ष देतो.

टायर

सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फरक टायरने पडतो. सायकलीबरोबर आलेले मोठ्या दातांचे टायर दिसायला दणकट असतात, पण वेस्टर्न एक्सप्रेस हायवेच्या सर्व्हिस रोडवर त्यांचा भोंग्यासारखा आवाज येतो आणि निम्मी मेहनत रबर वाकवण्यात जाते. आठवड्यातले सहा दिवस डांबर आणि काँक्रीट असेल, आणि रविवारी कान्हेरीचा चढ किंवा येऊरचा रस्ता, तर मध्यभागी सलग पट्टा आणि कडेला छोटे दात असलेला टायर घ्या. रुंदी १.७५ ते २.०. याहून अरुंद घेऊ नका. रस्त्याच्या सांध्यात आणि गटाराच्या जाळीत अरुंद टायर अडकतो, आणि खड्ड्यात रिमला वाचवायला त्यात हवा पुरत नाही. खरोखर मातीत जाणार असाल, खारघरच्या टेकडीवर किंवा घाटाखालच्या बैलगाडीच्या वाटांवर, तरच २.१ ते २.२५ चे उघड्या दातांचे टायर घ्या. पावसातला आपला लाल चिखल जवळजवळच्या दातांत भरला की टायर गुळगुळीत होतो. दात विरळ असतील तर तो चिखल झाडला जातो.

रुंद टायर घेण्याआधी टायर आणि फ्रेम यांच्यातली जागा बघा. दोन्ही बाजूंना किमान ६ मिमी हवी. मडगार्ड लावणार असाल तर जास्त. मुंबईच्या पावसात मडगार्ड लावाच. पाठीवर उडणारं रस्त्याचं पाणी काही स्वच्छ नसतं.

टायर टाकताना कडेला बाणाची खूण असते, ती पुढे फिरण्याच्या दिशेने ठेवा. जुना टायर पंक्चरमुळे काढला असेल तर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. जिथे तंतू अडकतील तिथे काच किंवा तार रुतलेली असते. मोठ्या गाड्यांचे टायर फुटले की त्यांतल्या केसाएवढ्या पोलादी तारा रस्त्यावर पडून राहतात. त्या बोटाने जाणवत नाहीत, कापसाला मात्र बरोबर सापडतात.

ट्यूबचा वॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड, म्हणजे श्रेडर घ्या. बारीक प्रेस्टा वॉल्व्ह वाईट नाही, पण नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे आणि पेट्रोल पंपावर श्रेडरलाच हवा भरता येते, आणि अडचण नेहमी घरापासून लांबच येते. रिमला प्रेस्टाचंच बारीक छिद्र असेल तर ते ड्रिलने मोठं करत बसू नका. प्रेस्टाच वापरा आणि छोटा अ‍ॅडॉप्टर खिशात ठेवा.

हवेचा आकडा. साधारण ७० किलोच्या माणसाला १.९५ च्या टायरमध्ये रस्त्यासाठी मागे ४० ते ४५ पीएसआय आणि पुढे ३५ ते ४० पुरे. मातीत पाच-सात पीएसआय कमी करा. टायरच्या कडेवर कमाल आकडा छापलेला असतो, तो कधी ओलांडायचा नाही. पंपावरचा कॉम्प्रेसर सायकलची छोटी ट्यूब क्षणात फुगवतो, म्हणून तिथे थोडीथोडी भरा आणि मधेमधे अंगठ्याने दाबून बघा. घरात मीटरवाला उभा पंप असेल तर उत्तम. ही खरेदी गियरच्या आधी करा.

ट्यूबलेसबद्दल खूप जण विचारतात. रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेससाठी बनलेले असतील, आणि आतला पंक्चर बुजवणारा द्रव, म्हणजे सीलंट, दर दोन-तीन महिन्यांनी बघायची तयारी असेल, तर करा. आपल्या उकाड्यात तो लवकर सुकतो. साध्या रिमवर टेप चिकटवून हा खटाटोप करू नका.

चाक

आता मुख्य गोष्ट. हे सावकाश वाचा, कारण पैसे इथेच लागतात आणि इथेच वाया जातात.

फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजव्या बाजूचे छर्रे चक्रीच्या आत, बरेच मधल्या बाजूला बसतात. त्यांच्यापासून फ्रेमपर्यंत एक्सलचा लांब तुकडा नुसता अधांतरी असतो. ७ स्पीडची चक्री रुंद, म्हणून हा तुकडाही लांब. खड्ड्यात चाक आपटलं, फुटपाथवरून सायकल खाली उतरवली, की सगळा भार त्या तुकड्यावर येतो आणि एक्सल वाकतो. आधी वाकतो, मग तुटतो. माझा आरेच्या रस्त्यावर तुटला होता. संध्याकाळची वेळ होती. मागून "टक्" असा आवाज आला आणि चाक फ्रेमला घासायला लागलं. खटक्याच्या सळीने दोन तुकडे कसेबसे धरून ठेवले म्हणून पडले नाही. सायकल हाताने ढकलत गोरेगावपर्यंत आले.

तुमचा एक्सल वाकला आहे का, हे दोन मिनिटांत कळतं. चाक काढा, मांडीवर आडवं धरा, आणि एक्सलचं टोक दोन बोटांनी हळू फिरवा. टोक जागच्या जागी फिरलं तर ठीक. छोटं वर्तुळ काढत फिरलं तर वाकलेला आहे. बदलून घ्या, आणि पुढच्या खरेदीच्या यादीत मागचं चाक वर आणा.

कॅसेट ज्या हबवर बसते त्या फ्रीहबमध्ये उजवे छर्रे अगदी बाहेर, फ्रेमजवळ असतात, म्हणून एक्सलला आधार मिळतो. एमटीबीचं मागचं चाक बदलायचं खरं कारण हे आहे. वजन कमी होतं, दिसायला छान दिसतं, हे सगळं नंतरचं. यात एक सोय अशी की ८, ९, १० स्पीडच्या साध्या फ्रीहबवर ७ स्पीडची कॅसेटही बसते, फक्त मागे ४.५ मिमी जाडीची रिंग घालावी लागते. म्हणजे हँडलवरचे गियर, चेन सरकवणारा डिरेलर, चेन सगळं जुनंच ठेवून तुम्ही भक्कम चाक मिळवता. पुढे कधी ८ किंवा ९ स्पीड करावंसं वाटलं तर रिंग काढायची, चाक तेच. १२ स्पीडचे मायक्रो स्प्लाइन आणि एक्सडी हे वेगळ्या खाचांचे फ्रीहब असतात. नवशिक्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

रिम घेताना डबल-वॉल अ‍ॅल्युमिनियमचीच घ्या. टायर आणि रिमटेप काढून आत पाहिलं तर कळतं. तारांच्या टोकांवरची निपलं थेट दिसत असतील तर सिंगल-वॉल. निपलं खोल भोकाच्या तळाशी असतील आणि वर दुसरा थर असेल तर डबल. आतली रुंदी १९ मिमी असेल तर २.२ पर्यंतचा टायर चांगला बसतो, २५ मिमी असेल तर २.४ पर्यंत. व्ही-ब्रेकची सायकल असेल तर रिमच्या बाजूला ब्रेकचा घासण्याचा पट्टा हवा. डिस्कसाठी बनवलेल्या रिमवर तो नसतो.

तारा ३२ किंवा ३६. हबची भोकं आणि रिमची भोकं सारखी हवीत, ३६ च्या हबला ३२ ची रिम चालत नाही. मुंबईसाठी, आणि वजन ८० किलोच्या वर असेल किंवा मागे कॅरिअरवर सामान नेत असाल तर, मागे ३६ घ्या. तारा स्टेनलेस स्टीलच्याच. साध्या मुलाम्याच्या तारांना एका पावसाळ्यात पांढरी भुकटी आणि मग गंज येतो. मी गोराईला होडीतून सायकल नेते तेव्हा खाडीचं पाणी उडतंच. घरी आल्यावर गोड्या पाण्याने चाकं धुतली नाहीत तर आठवडाभरात निपलं धरतात.

तयार चाक घ्यावं की बांधून घ्यावं? तयार चाक स्वस्त पडतं, पण यंत्रावर बांधलेल्या स्वस्त चाकाचा ताण बरेचदा कमी आणि असमान असतो. सैल तार प्रत्येक फेरीत ढिली-ताठ होत राहते आणि वाकलेल्या कोपरापाशी, हबच्या भोकात तुटते. मागे उजव्या बाजूच्या तारा आधी जातात, कारण चक्रीला जागा देण्यासाठी त्या उभ्या आणि जास्त ताणलेल्या असतात. एक तुटली तर एक बदला. काही महिन्यांत तिसरी तुटली की सगळ्या तारा नव्या घालून चाक पुन्हा बांधून घ्या, एकेक बदलत बसू नका. माझं आताचं चाक बांधूनच घेतलेलं आहे. चाक बांधणाऱ्या काकांनी प्रत्येक तार नखाने छेडून आवाज ऐकला होता. एका बाजूच्या सगळ्या तारा साधारण एका सुरात वाजायला हव्यात. मागच्या चाकात उजवीकडचा सूर वरचा, डिस्क असलेल्या पुढच्या चाकात डावीकडचा. घरी तुम्हीही हे करून बघा. सैल तार डोळ्याला दिसण्याआधी कानाला कळते.

एक चूक मी केली होती, ती तुम्ही टाळा. पहिल्यांदा चाक बांधायला दिलं तेव्हा जुनं हब वापरायचं ठरलं होतं. दुकानात मुलाने आधी तारा कापल्या आणि मग फ्रीव्हील काढायला घेतलं. फ्रीव्हील पेडल मारता मारता घट्ट आवळत जातं. ते सोडवायला अख्ख्या चाकाची पकड लागते. नुसतं हब हातात राहिल्यावर ते कशानेच सुटेना, आणि शेवटी हब टाकून द्यावं लागलं. म्हणून समोर उभं राहून सांगा: आधी फ्रीव्हील, मग तारा.

थोडासा आउट, म्हणजे रिमचं डावी-उजवीकडे जाणं, तुम्ही घरीही काढू शकता. सायकल उलटी ठेवा. फ्रेमच्या दांडीला प्लॅस्टिकची टाय बांधा आणि तिचं टोक रिमपासून मिलिमीटरभर अंतरावर येईल असं कापा. चाक फिरवा. रिम जिथे टायला लागते तिथे थांबवा. समजा रिम उजवीकडे गेली आहे, तर तिथली डाव्या बाजूची तार ताणायची, किंवा ती आधीच कडक असेल तर उजवीकडची सैल करायची. निपल टायरच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवलं की तार ताणते. एका वेळी पाव फेरी. पुन्हा चाक फिरवा, पुन्हा बघा. घाईने अर्धी-अर्धी फेरी मारणाऱ्यांची रिम तासाभरात आठच्या आकड्यासारखी होते. जुनं निपल फिरत नसेल तर तेलाचा थेंब सोडून रात्रभर ठेवा, जोर लावून त्याच्या कडा घालवू नका.

भाच्याच्या चाकाचा आउट निघाला, पण एक्सल वाकलेला होता, म्हणून नवं चाक घेतलं: डबल-वॉल रिम, ३६ स्टेनलेस तारा, ८ स्पीडचा फ्रीहब, त्यावर ७ ची कॅसेट आणि ती ४.५ ची रिंग. पुढचं चाक जुनंच ठेवलं. पुढच्या चाकावर भार कमी असतो. हबचे छर्रे आणि ग्रीस बदलून ते आणखी काही वर्षं चालेल.

ब्रेक

केबलच्या डिस्क ब्रेकमध्ये बहुतेक वेळा एकच पॅड हलतं, दुसरं स्थिर असतं. हलणारं पॅड डिस्कला वाकवून स्थिर पॅडवर दाबतं. म्हणून आतल्या बाजूचा स्क्रू फिरवून स्थिर पॅड डिस्कच्या अगदी जवळ आणा, फक्त घासू देऊ नका. "ब्रेक लागत नाही" म्हणून आलेल्या निम्म्या सायकली एवढ्यानेच सुधारतात. नव्या केबल आणि चांगले पॅड घातले की उरलेल्याही.

पावसाळ्यात मऊ रेझिनचे पॅड रस्त्याच्या कचकचीत झपाट्याने झिजतात. धातुमिश्रित पॅड आवाज करतात, पण टिकतात. फक्त तुमच्या डिस्कवर "रेझिन पॅड ओन्ली" असं कोरलेलं नाही ना, ते बघून घ्या. पॅडचा थर एक मिमीवर आला की बदला. नवे पॅड घातल्यावर मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस वेळा वेग घेऊन, पूर्ण न थांबता, ब्रेक दाबत वेग कमी करा. त्याशिवाय त्यांची पकड बसत नाही.

हायड्रॉलिक ब्रेक घ्यावेत का? जमत असेल तर जरूर. येऊरच्या उतारावर एका बोटाने सायकल थांबते, आणि केबलमध्ये पाणी जाण्याचा प्रश्नच राहत नाही. शिमानोमध्ये मिनरल ऑइल लागतं, दुसऱ्या काही कंपन्यांच्या ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड. एकात दुसरं घातलं की आतले रबर फुगतात आणि ब्रेक जातो. दुरुस्तीला देताना हे तोंडाने सांगा.

चेन आणि गियर

१२ इंची स्टीलची पट्टी चेनवर ठेवा. शून्य एका पिनच्या मध्यावर. नव्या चेनमध्ये १२ इंचाच्या खुणेवर बरोबर दुसऱ्या पिनचा मध्य येतो. तो १/१६ इंच पुढे गेला असेल तर चेन बदला. १/८ इंच पुढे गेला असेल तर चेनबरोबर मागची चक्रीही बदलावी लागेल, कारण झिजलेल्या दातांवर नवी चेन घसरते. पावसाळ्यात दर भिजण्यानंतर चेन कोरड्या फडक्याने पुसा आणि प्रत्येक सांध्यावर तेलाचा एक थेंब सोडून जादाचं पुन्हा पुसून घ्या. चेनवर ग्रीस चोपडू नका, रेती चिकटून तिची सहाण होते.

आता भाच्याचं ते एका चेनव्हीलचं प्रकरण. आम्ही कागदावर गणित मांडलं. त्याच्याकडे पुढे ४२-३४-२४ दात आणि मागे १४-२८ होते. सगळ्यात हलका गियर २४ भागिले २८, म्हणजे ०.८६. सगळ्यात जड ४२ भागिले १४, म्हणजे ३. पुढे ३२ आणि मागे ११-४६ केलं तर हलका ०.७ आणि जड २.९. म्हणजे जड गियर जवळजवळ तेवढाच, आणि हलका थोडा जास्त हलका. त्यासाठी हँडलवरचा नवा शिफ्टर, नवा डिरेलर, नवी कॅसेट, नवी चेन, नवं चेनव्हील. कान्हेरीच्या चढाला ०.८६ पुरतो. त्याला थोडा हलका गियर हवाच होता, म्हणून नव्या चाकाबरोबर ३२ दातांची मोठी चक्री असलेली ७ ची कॅसेट घातली. २४ भागिले ३२, म्हणजे ०.७५. त्याआधी डिरेलर ३२ झेपवतो ना, ते बघून घेतलं. काम झालं.

गियर नीट पडत नसतील तर आधी केबल आणि तिचं बाहेरचं आवरण बदला. खाऱ्या हवेत आतून गंज धरतो आणि लोक डिरेलरला दोष देतात.

बाकीचं थोडक्यात

पेडल बदलताना डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, म्हणून दोन्ही पेडलं सायकलच्या पुढच्या दिशेने आवळतात आणि मागच्या दिशेने सुटतात. चुकीच्या दिशेने जोर लावला की क्रँकचे, म्हणजे पेडलच्या दांडीचे, आटे जातात. सीटपोस्ट घेताना त्यावर कोरलेला व्यास बघा. २७.२ च्या जागी ३०.९ जाणार नाही. फोर्क सगळ्यात शेवटी. चांगल्या एअर फोर्कची किंमत साध्या सायकलच्या किमतीला जाऊन भिडते, आणि अनेक नव्या फोर्कची नळी खाली रुंद असते, ती जुन्या फ्रेमच्या सरळ डोक्यात बसत नाही.

हत्यारांसाठी मी नागदेवी स्ट्रीटला जाते. मस्जिद स्टेशनवरून चालत. ४, ५, ६ चे अ‍ॅलन की, टी-२५, हबचे पातळ पाने १३ आणि १५ चे, आणि छर्रे. पुढच्या हबला साधारणपणे ३/१६ इंचाचे, प्रत्येक बाजूला १०. मागे १/४ इंचाचे, प्रत्येक बाजूला ९. जुने मोजून एका डबीत घेऊन जा आणि एखाद-दुसरा जास्तीचा आणा, एक तरी फरशीवरून कपाटाखाली जातोच. तुंबलेल्या पाण्यातून सायकल काढायची वेळ आली, आणि ती येऊ देऊ नका, कारण खाली उघडं मॅनहोल दिसत नाही, तर त्याच आठवड्यात हब उघडा. आतलं ग्रीस दुधासारखं पांढरट झालं असेल तर पाणी शिरलं आहे. सगळं पुसून काढा आणि नवं भरा.

नवं चाक बसल्यावर पन्नास-साठ किलोमीटरनंतर एकदा आउट पुन्हा तपासायचा, तारा जागेवर बसताना थोड्या सैल होतात. भाच्याने ते केलं. जुलैत त्याचा फोन आला, "मावशी, मागून टिक-टिक येतेय, दर फेरीला. चाक परत गेलं का?" मी त्याला तारा छेडून बघायला सांगितल्या. सूर सगळे ठीक होते. मग सांगितलं, जिथे दोन तारा एकमेकींवरून जातात तिथे प्रत्येक ठिकाणी तेलाचा बारीक थेंब सोड, काडीच्या टोकाने, आणि लगेच पूस. डिस्कवर आधी जुन्या टी-शर्टचं फडकं गुंडाळ, तेल तिथे लागलं तर ब्रेक जाईल. अर्ध्या तासाने त्याचा मेसेज आला: आवाज बंद.